पावण्यांचं पोट

बासुंदीची दुसरी वाटी मी पुढं सरकवली आणि जावईबापू भरल्या ताटावरून उठले.

"मामी, आलोच," एवढंच म्हणाले आणि पोट धरून मागच्या दारानं परसात पळाले. ताटात पुरणपोळी तशीच, तिच्यावर ओतलेलं दूध तसंच. शेजारच्या ताटलीत तेहतीस अनारसे रचून ठेवलेले, त्यातला एकसुद्धा मोडलेला नाही. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. तीन वर्षांतून एकदा बोलवायचं, पाय धुवायचे, वाण द्यायचं, पोटभर जेवू घालायचं. आणि आमचा नारायण संडासात कण्हत होता. माझी लेक प्रणोती दाराबाहेर पाण्याची बादली घेऊन उभी.

"काय घातलंस गं त्यांना?" मी तिच्यावरच डाफरले.

"मी कुठं? तूच वाढलंस की सगळं!" ती रडकुंडीला आली होती. "आई, हे आजचं न्हाई. लग्न झाल्यापासनं असंच चाललंय. पोट फुगतंय, कळा येत्यात. इथं आलं की जास्तच. बघितलंस न्हवं, पट्ट्याला नवीन भोक पाडलंय."

बघितलं होतं. वर्षापूर्वी मांडवात उभा राहिला तेव्हा सुहास गवस म्हणजे कसा, काळासावळा, ताठ, हसरा गडी. कुडाळला वीज कार्यालयात नोकरी. खांबावर सरसर चढायचा म्हणे. आता त्याच माणसाच्या गालाची हाडं वर आली होती. गोव्याला नेऊन तोंडातनं दुर्बीण घालून बघितलं, पोटाचे फोटो काढले. सगळीकडं एकच उत्तर, काही नाही.

तेवढ्यात पाटावर पडलेला त्यांचा फोन वाजला. कुडाळच्या विहीणबाई, सुनंदाताई. पोरगा जेवला की नाही हे रोज दुपारी विचारायच्या. प्रणोतीनं उचलला.

"सुहास खंय?"

"आई, ते... परसात गेल्यात."

मग म्हणाल्या, "तुझ्या आवशीकडे दी फोन."

मी पदरानं हात पुसून फोन घेतला. "बोला विहीणबाई. जेवलासा काय?"

"माझ्या जेवणाचा ऱ्हवांदे. तुमच्या घराक पाय लावलो की माझो झील सुहास आडवो पडता. तुमची मुलगी आमच्या घरात इली आणि तो सुकत गेलो. मी देवाक कौल लावलंय. देवान सांगितल्यान, बाधा घाटावरची आसा."

त्यांच्या गावात रीत आहे. देवाच्या मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. आणि घाटावरची म्हणजे आम्हीच की हो! घाट चढून आलं की पहिलं आमचंच कोल्हापूर.

"म्हंजे मी करणी केली?" माझा आवाज चढला. "माझ्याच लेकीच्या कुंकवावर?"

"तुम्ही केलास, असा मी म्हणूक नाय. पण काय तरी आसा. रविवारी सुहासाक धाडा. एकट्याक. प्रणोती ऱ्हवांदे थंयच."

"किती दिवस?"

"तो बरो होईसर."

"आणि न्हाई झाला तर?"

त्यांनी फोन ठेवला. प्रणोती मागं उभी राहून सगळं ऐकत होती. बादली तिच्या हातातच होती. ती तशीच खाली बसली. पोरीचं तोंड असं पांढरं मी तिच्या जन्मात बघितलं नव्हतं.

जावईबापू आले, तोंडावर पाणी मारलेलं. माझा चढलेला आवाज परसापर्यंत गेला होता. "मामी, आईचं मनावर घेऊ नका. ती घाबरते फक्त."

"मी न्हाई घाबरत," मी म्हटलं. "उद्या कोल्हापूरला चला. माझ्या घरात काय घालत्यात ते डॉक्टरलाच सांगू दे. आणि ते कुडाळात ऐकवल्याबिगर मी गप्प बसतो का बघा!"

आमचे मालक पंगतीतनं म्हणाले, "शालन, जरा दमानं."

दमानं घ्यायला मला कधी जमलेलं नाही.

*

राजारामपुरीत पोटाचे डॉक्टर आहेत, शिरगुप्पे नावाचे. माणूस थंड डोक्याचा. मी खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हटलं, "डॉक्टर, मला लिहून पाहिजे. आमच्या घरातनं ह्यांच्या पोटात वाईट काही गेलेलं न्हाई म्हणून."

"बसा की मावशी आधी." मग जावईबापूंकडं वळून, "कधीपासनं त्रास हाय?"

"लग्न झाल्यापासनं," मी म्हटलं.

"जेवल्यावर लगेच?"

"कधी लगेच, कधी तासाभरानं," मी म्हटलं.

"जुलाब?"

"होत्यात. कधी नुसतीच गडगड."

डॉक्टरांनी चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. "मावशी, लग्न तुमचं झालंय का पावण्यांचं?"

मी गप्प बसले. पण पावणा तरी कुठं बोलतोय! खाण्यापिण्याचं विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "मामी करतात ते सगळं चांगलंच असतं." डॉक्टरांनी गोव्याचे कागद बघितले, पोट चाचपलं, टिचक्या मारून ऐकलं आणि म्हणाले, "उद्या श्वास तपासू."

"पोट दुखतंय आणि तपासणार श्वास?" मला राहवलं नाही.

"व्हय. न पचलेलं आतड्यात जाऊन आंबलं की त्याचा वायू होतो. तो रक्तात जातो, रक्तातनं छातीत, आणि माणसानं फुंकर मारली की यंत्राला सापडतो."

"आमच्याकडं तो भलतीकडनंच सापडतो," मी म्हटलं. जावईबापू खो खो हसले. किती तरी दिवसांनी हसले असतील.

बाहेर तपासणीवाल्या मुलीनं, रेश्मानं, नीट समजावून सांगितलं. आज रात्री नुसता मऊ भात. उद्या सकाळी पाण्याशिवाय काही नाही. तंबाखू नाही, पळापळ नाही. मी म्हटलं, "काळजीच करू नकोस बाई, मी स्वतः लक्ष देतो."

आणि दिलंही. रात्री भाताखेरीज काही नाही. सकाळी सगळी चहा-पोहे घेत होती, पण त्यांना मी तिकडं फिरकू दिलं नाही. उपाशीपोटी गाडीत बसवलं आणि वेळेवर दवाखान्यात आणलं.

रेश्मानं एक नळी त्यांच्या तोंडात दिली. "खोल श्वास घ्या. धरून ठेवा. आता सावकाश सोडा, शेवटपर्यंत." पावण्यांनी फुंकर मारली. खरं तर ही पहिली फुंकर म्हणजे काहीच नाही. रिकाम्या पोटाची. त्यानंतर एक गोड पाणी पाजायचं आणि मग थोड्या थोड्या वेळानं फुंकत राहायचं, आकडा वाढतो का बघायचं. पण रेश्मा यंत्राकडं बघतच राहिली. परत फुंकायला लावलं. परत बघितलं. मग उठून डॉक्टरांना घेऊन आली.

डॉक्टरांनी आकडा बघितला. "पावणं, काय खाऊन आलासा?"

"काही नाही," जावईबापू म्हणाले. पण कसं तर तोंड चोरून.

मी पुढं झाले. "भैरोबाची आण घेऊन सांगतो डॉक्टर, काल रातीपासनं ह्यांच्या पोटात अन्नाचा कण न्हाई! मी ऱ्हायलोय की उभी!"

"मग हे आलं कुठनं?" डॉक्टर आकड्याकडं बोट दाखवून म्हणाले. "खाल्लं न्हाई. प्यालं काय?"

"प्यायला काय... दूध तेवढं."

रेश्मानं तोंडावर हात ठेवला.

"किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"तांब्याभर. आता ते काय खाणं हाय होय? एवढ्या लांब यायचं, अशक्त माणूस, फुंकायचं म्हंजे ताकद नको?"

हसू नका. तुम्ही आमच्या भागातले नाही म्हणून हसाल. भोगावतीकाठचं गाव आमचं, दारात बारा म्हशी. आमच्याकडं कडक उपासालासुद्धा दूध चालतं. पोरगं पास झालं, दूध. नापास झालं, जाऊ दे रडू नको, दूध. पैलवान जिंकला तरी दूध, हरला तर दुप्पट. माणूस आजारी पडला की धार काढून तशीच फेसाळलेली त्याच्या हातात द्यायची. दूध हे अन्न आहे असं आमच्या बापजाद्यांनी कुणी मोजलेलंच नाही. ते पाण्यासारखं, असतंच.

डॉक्टर खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. "मावशी, दिवसाला किती दूध घेत्यात हे?"

"इथं असलं की सकाळी एक तांब्या, राती एक. मधी चहा, खीर, बासुंदी. कुडाळला असलं की प्रणोती देती राती झोपताना. मीच सांगितलंय तिला. गाडीनं खवा पाठवतो, पेढं पाठवतो. अशक्त झाल्यापासनं जरा वाढवलंय."

"आणि लग्नाच्या आधी?" हे त्यांनी मला नाही, पावण्यांना विचारलं.

"कोरा चहा," जावईबापू हळूच म्हणाले. "पेज, मासे. कढी केली तरी नारळाच्या रसाची. आमच्याकडे दूध फारसं येतच नाही."

डॉक्टरांनी मान हलवली. "आजची तपासणी वाया गेली. परवा, शनिवारी या. तोपर्यंत दूध बंद. दही, ताक, खवा, पेढा, सगळं. चहासुद्धा कोरा."

"म्हंजे दोष माझ्या दुधाचा?" मी म्हटलं.

"अजून कुणाचाच न्हाई. परवा बघू."

*

ते दोन दिवस मला कसे गेले ते माझं मला ठाऊक. गोठ्यात बारा म्हशी आणि जावयाला कोरा चहा! शेजारची आक्काताई कुंपणावरनं डोकावून विचारती, "पावणं काय रुसलं बिसलं काय गं?" काय सांगू तिला?

पण पहिल्या संध्याकाळीच झुणका-भाकरी बसून खाल्ली पावण्यांनी. शेवटपर्यंत. मागच्या दाराकडं नजर नाही. दुसऱ्या दिवशी मालकांबरोबर नदीवर म्हशी धुवायला गेले, भिजून चिंब होऊन आले आणि आल्या आल्या म्हणाले, "मामी, भूक लागली." प्रणोती चुलीपाशी मान खाली घालून भाकरी थापत होती आणि तिच्या डोळ्यांतनं पाणी गळत होतं. हसतही होती बया.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला की. पण त्याच्या मागोमाग भीती आली. पोरगा दूध तोडल्यावर बरा होतोय, म्हणजे बिघडत होता तो दुधानंच. आणि दूध कुणाचं? घाटावरचं! कौल खराच ठरला की मग. विहीणबाईंना एवढंच पुरे. 'बघा, मी म्हणाले होते, तुमच्याच घरातून आलं,' म्हणतील आणि माझी पोर बसेल माझ्या दारात जन्मभर. एकदा मनात असंही आलं, की शनिवारी न्यायचंच नाही. पावणा बरा झालाय, गुपचूप दूध बंद करायचं, यंत्राच्या तोंडून माझंच नाव कशाला काढून घ्यायचं?

प्रणोतीला म्हटलंही तसं. ती भाकरी उलटायची थांबली. "आई, त्यांना राती झोप लागत न्हाई. छताकडं बघत पडलेलं असत्यात. काय हाय ते कळू दे एकदा. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

मग कशाला थांबते मी! शनिवारी सकाळी मीच आधी जिना उतरून गाडीत बसले. तांब्याकडं बघितलंसुद्धा नाही.

*

ह्या वेळी पहिल्या फुंकरीचा आकडा अगदी बारका आला. रेश्मा म्हणाली, "हां, आता उपाशी हायसा." मग तिनं पाण्यात पांढरी पूड ढवळून दिली. दुधातली नुसती साखर ती, बाकी काही नाही. म्हैस नाही, गोठा नाही, मी नाही. जावईबापू ते गटागट प्याले आणि आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. झोपायचं नाही, फिरायचं नाही, खायचं नाही. थोड्या वेळानं हाक आली की जाऊन फुंकायचं आणि परत येऊन बसायचं. सासू-जावई इतका वेळ शेजारी शेजारी कधी बसतात हो? काय बोलायचं हाच प्रश्न.

दुसऱ्या फुंकरीनंतर जावईबापूच बोलले.

"मामी, माझ्या बाबांचं असंच सुरू झालं होतं."

मी त्यांच्याकडं बघितलं. ते समोरच्या भिंतीकडं बघत होते.

"पोट फुगायचं. जेवण जायचं नाही. बारीक होत गेले. डॉक्टर म्हणायचे, काही नाही. तीन-चार ठिकाणी दाखवलं, सगळे म्हणाले काही नाही. आणि शेवटी गाठ निघाली. तोपर्यंत उशीर झालेला. मी दहावीत होतो."

लग्न जमवताना सांगितलं होतं की वडील नाहीत. कशानं गेले ते मीही खोदून विचारलं नव्हतं.

"म्हणून मला गोव्याला काही नाही म्हणाले ना, तेव्हा जास्त भीती वाटली. मला वाटतंय, मामी... मला वाटतंय माझंही तेच आहे."

"आवं, गप बसा!" मी एवढ्या मोठ्यानं बोलले की समोरची बाई दचकली. "प्रणोतीला सांगितलंय?"

"नाही. आत्ता कुठं वर्ष झालंय लग्नाला. तिला काय सांगू?"

"आणि आईला?"

"आईला सांगायची गरजच नाही. तिनं बाबांचं सगळं केलंय. पण ती त्यातलं एक अक्षर बोलत नाही माझ्याशी. उठली आणि देवळात गेली."

"डॉक्टरकडं जायचं सोडून देवळात!" मी म्हटलं. मला तेव्हा रागच आला त्या बाईचा. पोराच्या मनात एवढं भय आणि ही घाटावरच्या बाधा शोधत बसली.

तिसरी फुंकर झाली. आकडा थोडा चढला होता. परत बाकावर.

मी म्हटलं, "एक सांगा पावणं. दुधानं त्रास होतोय हे तुम्हाला कळलं न्हाई काय कधी?"

"थोडं थोडं वाटायचं."

"मग न्हाई म्हणायला तोंड नव्हतं? तोंडानं एवढं फुंकताय की!"

ते हसले. "मांडवपरतणीला आलो तेव्हा तुम्ही पदर खोचून समोर उभ्या होतात. हातात तांब्या. म्हणालात, आमच्या दारातनं दुधाला नाही म्हणून गेलेला माणूस परत आलेला नाही."

म्हणाले असेन. कुणालाही म्हणते मी ते. चेष्टेनं म्हणते.

"मग मी कसा नाही म्हणू?" जावईबापू म्हणाले. "मला परत यायचं होतं."

मी पदराचं टोक डोळ्यांना लावलं. शेवटी म्हटलं, "एवढं शहाणं कुणी केलं हो तुम्हाला?"

तेवढ्यात त्यांच्या पोटात गुर्रर्र झालं. बाकावर मलाही ऐकू आलं. त्यांनी पोट धरलं, कपाळावर घाम आला. मी त्यांचा हात धरला तर त्यांनी माझी बोटं अशी आवळली की बांगडी रुतली. रेश्मानं हाक मारली. मी त्यांना धरूनच आत नेलं. वाकलेल्या अवस्थेतच त्यांनी फुंकर मारली.

आकडा धडाधड चढला. यंत्र बघत होतो आम्ही तिघं. परवाच्यापेक्षा वर, त्याच्याही वर.

आणि जावईबापू पोट धरून, वाकून, हसायला लागले. "मामी! वाढतोय! मामी, वाढतोय!"

मला आधी काही कळेना. माणसाला कळा येतायत आणि हसतोय! मग कळलं. हा नुसता साखरेचा आकडा होता. पोटात जे काय चाललं होतं त्याला नाव होतं आणि ते नाव त्यांच्या बाबांच्या दुखण्याचं नव्हतं. मग मीही ओरडले, "मार! मार अजून फुंकर!" कुस्तीच्या मैदानात ओरडावं तशी. रेश्मा म्हणाली, "मावशी, दवाखाना हाय." मी म्हटलं, "असू दे!"

डॉक्टरांनी आत बोलावलं. म्हणाले, "दुधातली साखर ह्यांना पचत न्हाई. लहानपणी पचत असंल, मोठेपणी कित्येकांचं बंद होतं. हा काय रोग न्हवं. दुर्बिणीत जखम न्हाई, फोटोत गाठ न्हाई, आणि जे होतंय त्याचं कारण हे समोर हाय. दूध कमी करा, बघा महिन्यात कसं भरत्यात."

"डॉक्टर," जावईबापूंनी विचारलं, "नक्की ना?"

"नक्की."

एवढा बाप्या माणूस, खांबावर चढणारा, टेबलावर डोकं ठेवून रडला. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिले. माझ्याच पोरासारखा तो. किती हाडं लागत होती हाताला.

*

जावईबापू तोंड धुवायला गेले आणि मी त्यांचा फोन घेऊन दवाखान्याच्या पायरीवर आले. कुडाळचा नंबर लावला. दोन दिवस मी मनात भांडण तयार करून ठेवलं होतं, बरं का. करणी म्हणालात ते शब्द परत घ्या. दूध पाजलं ते मायेनं पाजलं, विष नाही पाजलं. दोष असेल तर माझा धरा, माझ्या लेकीचा नाही. सगळं ओळीनं पाठ होतं.

पहिल्याच घंटीला फोन उचलला. हातातच धरून बसल्या असाव्यात.

"सुहास?"

"मी शालन बोलतो, विहीणबाई. तपासणी झाली. आता नीट ऐका. माझ्या घरातनं कुणी काय..."

"गाठ नाय ना?"

मी थांबले.

"न्हाई हो. दूध पचत न्हाई त्यांना. तेवढंच. मी जे दूध..."

"गाठ नाय ना पण?"

"न्हाई. डॉक्टर म्हणालं न्हाई म्हणून. मी समोर होतो."

"परत सांगा."

"गाठ न्हाई, सुनंदाताई. गाठ न्हाई."

पलीकडं काही तरी पडल्याचा आवाज आला आणि मग रडणं. तोंडात पदर कोंबून बाई रडते ना, तसं. माझं पाठ केलेलं सगळं कुठल्या कुठं गेलं. मी पायरीवरच बसले.

"पण तुम्ही तर बाधा म्हणालासा," मी म्हटलं. आता त्यात भांडण उरलं नव्हतं, नुसतं विचारलं.

"करणी आसली तर उतरवक येता, विहीणबाय," त्या म्हणाल्या. शब्द तुटत होते. "गाठ उतरवक येणा नाय. म्हणान मी देवाक करणीचाच विचारलंय. गाठीचो कौल लावची माझी हिंमत झाली नाय. तेची पाकळी उजवीकडची पडली आसती तर मी काय केलंय आसतंय?"

कोकणातल्या एका देवळात ही बाई एकटीच उभी आहे आणि आपल्या पोराला करणीच झालेली असू दे म्हणून देवाला विनवतेय, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं. आणि मी तिला ऐकवायचं भांडण पाठ करत होते. दोघी रडलो मग. ती तिकडं, मी इकडं, पायरीवर, येणारी-जाणारी माणसं बघत होती.

"प्रणोती रागावली आसतली," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या.

"तिला काय कळतंय राग! ती वाट बघत बसलीय."

"मग दोघांकय धाडा."

"धाडतो की. उद्याच्या पहिल्या गाडीनं धाडतो."

मग अगदी बारीक आवाजात, एखाद्या पोरीनं विचारावं तसं त्यांनी विचारलं,

"आज नाय येवक जमाचा?"

मी डोळे पुसले आणि आत ओरडले, "पावणं, आटपा लवकर! गाडी गाठायचीय!"